विलायती डाकेचा वार

१२ डिसेंबर १९३० हा दिवस शुक्रवार होता. त्या दिवशी मुंबईच्या काळबादेवी भागात विलायती कापडाने भरलेली एक लॉरी पोलिसांच्या बंदोबस्तात निघाली आणि बावीस वर्षांचा एक गिरणी कामगार तिच्यापुढे आडवा झाला. बाबू गेनू सैद. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा, गरीब शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. लॉरी थांबली नाही. बाबू गेनूची ही हकिकत महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि १२ डिसेंबर स्वदेशी दिन म्हणून पाळलाही जातो.

लॉरीतल्या गासड्यांची हकिकत मात्र कोणी सांगत नाही. मँचेस्टरच्या गिरणीत विणलेले कापड काळबादेवीच्या पेढीवर येई ते नुसते जहाजात घातले म्हणून नव्हे. मुंबईच्या व्यापाऱ्याने मागणी नोंदवायची, तिकडून नमुने यायचे, भाव ठरायचा, माल बोटीत चढला की कप्तानाच्या सहीची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग निघायचे, त्याला विम्याचा कागद आणि हुंडी जोडून सगळे पाकीट मुंबईच्या बँकेकडे रवाना व्हायचे. मालवाहू बोट वाटेतली बंदरे घेत सावकाश येई. पाकीट येई टपालाच्या बोटीने, आणि ती बोट बहुतेक वेळा आधी पोचे. १८५६ सालच्या बिल्स ऑफ लेडिंग कायद्याने त्या कागदावर शेरा मारून तो दुसऱ्याच्या हवाली केला की मालावरचा हक्कही त्याच्यामागे जाई. म्हणजे कापड अजून तांबड्या समुद्रात असताना मुंबईत त्याचे दोनदा मालक बदललेले असू शकत. हे सगळे उभे होते ते एका खात्रीवर: ठरलेल्या वारी, ठरलेल्या बोटीने, टपाल येणारच. ती खात्री समुद्राने दिलेली नव्हती, कायद्याने दिली होती. विलायती डाक त्या काळी साधारणपणे शुक्रवारी मुंबईत येई आणि शनिवारी मुंबईहून निघे. बाबू गेनू गेला तो वारही शुक्रवारच, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून काही अर्थ काढायचा नाही.

समुद्रापलीकडून आलेली माणसे आणि माल बाबू गेनूच्या आंबेगाव-जुन्नरच्या मुलखाला नवे नव्हते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला व्यापार नाणेघाट चढून जुन्नरला येत होता. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. पुढे जुन्नर कागदासाठी नावाजले. चिंध्या आणि जुने ताग कुटून, लगदा गाळून, वाळवून, घोटून केलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत गेला. त्या काळी जासूद पत्र घेऊन धावायचा तेव्हा कागदाचे वजन कोणी बघत नव्हते. १ ऑक्टोबर १८५४ पासून इंग्रज सरकारने हिंदुस्थानभर पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर लावला आणि पत्र तराजूत गेले. माझा आपला तर्क असा की घोटलेल्या जाड देशी कागदाला टपालाच्या या तराजूचाही फटका बसला असणार. अर्थात त्याचा खरा काळ ठरला यंत्रावर बनलेला स्वस्त आयात कागद, आणि तोही बोटीनेच आला.

आता बोटींकडे वळू. विलायतेचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने यायला चार ते सहा महिने लागत. मुंबईच्या व्यापाऱ्यांना आणि सरकारला तांबड्या समुद्राची वाट हवी होती. लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना खर्च नको होता. मुंबई सरकारने फार वाट न पाहता मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या हातून 'ह्यू लिंडसे' नावाची ४११ टनांची वाफेची बोट बांधून घेतली. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सनने ती सुएझकडे हाकारली. बोटीच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावे, आणि पहिला टप्पा, एडन, अकरा दिवसांवर. मग काय, कोळसा केबिनांत भरला, डेकवर रचला, आणि बोट काठ पाण्याला टेकेल इतकी जड होऊन निघाली. एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा उरला होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. नऊ वर्षांनी, जानेवारी १८३९ मध्ये, कंपनी सरकारने एडनच जिंकून घेतले. एडन घेण्यामागे कारणे अनेक होती. त्यांतले एक होते कोळशाची वखार. टपालासाठी बंदर काबीज करण्याचा असा प्रसंग इतिहासात फार वेळा आलेला नाही.

सुएझहून अलेक्झांड्रियापर्यंत उंटावर, गाड्यांवर, नाईलच्या होड्यांवर टपाल नेण्याची खटपट टॉमस वॅगहॉर्न नावाच्या जिद्दी नौदल अधिकाऱ्याने जन्मभर केली. पण आपला विषय त्यानंतरचा, म्हणजे कायदा.

१८३७ च्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा हक्क सरकारने एकट्याकडे घेतला. जमिनीवर हा हक्क राखणे सोपे होते, हरकारे सरकारचे, चौक्या सरकारच्या. समुद्रावर सरकारकडे मोजक्या बोटी होत्या आणि बंदरात येणारी बाकीची शेकडो जहाजे परक्यांची. त्यांच्या कप्तानांच्या पेटीत पत्रे असतच: कुणा पेढीची, कुणा नातलगाची, चहाच्या बदल्यात घेतलेली. ही पत्रे सरकारी पिशवीत कशी आणायची, हा प्रश्न इंग्लंडात जुनाच होता आणि त्याचे उत्तरही जुने होते: कप्तानाला धाकही दाखवायचा आणि थोडे बक्षीसही द्यायचे. हिंदुस्थानात ते उत्तर १८९८ च्या टपाल कायद्यात सर्वांत रेखीव उतरले. तोच कायदा पुढे सव्वाशे वर्षे चालला, म्हणून त्याचे आठवे प्रकरण वाचण्यासारखे आहे.

त्या प्रकरणाने समुद्रावरच्या जहाजांचे दोन वर्ग केले. एक, मेल जहाज: हिंदुस्थान सरकार, ब्रिटिश सरकार, एखादी वसाहत किंवा परकी सरकार यांच्याशी झालेल्या करारानुसार टपाल नेणारे. दुसरा, उरलेली सगळी. मेल जहाजाची कर्तव्ये करारात असतात, म्हणून कायदा बोलतो तो उरलेल्यांशी. चाळिसावे कलम सांगते की हिंदुस्थानातल्या बंदरातून निघणाऱ्या अशा कुठल्याही जहाजाच्या कप्तानाने टपाल अधिकारी देईल ती थैली घेतली पाहिजे, पावती दिली पाहिजे आणि मुक्कामाच्या बंदरात विनाविलंब पोचवली पाहिजे. एकेचाळिसावे सांगते की येणाऱ्या जहाजावर टपालाच्या हक्कात बसणारे जे काही असेल ते बंदरात लागताच टपाल कचेरीत पोचले पाहिजे. बेचाळिसाव्यात बक्षिसाची सोय. आणि यात कुचराई केली तर कप्तानाला एक हजार रुपयांपर्यंत दंड. टपाल कचेरीत थैली गेल्यावरही जहाजावर कुणाच्या खिशात पत्र सापडले तर प्रत्येक पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत. १८९८ साली मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याच्या काही महिन्यांच्या मजुरीची ही रक्कम, एका पत्रासाठी!

सवलती होत्या. जहाजातल्या मालाविषयीचे आणि मालासोबतच जाणारे पत्र मोकळे होते. मित्राच्या हाती, मोबदल्याशिवाय दिलेले पत्र मोकळे होते. व्यापाऱ्यांची अडचण अशी की भावाची खबर देणारे पत्र मालाविषयीचे म्हणता येत नव्हते.

आणि मुंबईत भावाची खबर म्हणजे लाखोंचा सौदा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर जगू लागल्या. त्या दिवसांत प्रेमचंद रायचंद यांच्या होड्या येणाऱ्या बोटीला बंदराबाहेरच गाठत आणि लिव्हरपूलचा ताजा भाव इतरांच्या आधी पेढीवर आणत, असे सांगतात. टपालाच्या पिशवीला कोणी हात लावत नव्हता. कायद्याने बंद पत्र टपाल कचेरीत आधी गेले पाहिजे, एवढेच म्हटले होते. डेकवरून खाली ओरडून आकडा सांगायला बंदी नव्हती. कायदा कागदापुरता होता आणि बातमी तोंडाने फिरत होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईत बँका आणि पेढ्या बुडाल्या. १८७० च्या जूनमध्ये समुद्रतळाची तार मुंबईला पोचली आणि प्रेमचंदांच्या होड्यांचे कामच उरले नाही. भाव तारेने येऊ लागला. हुंडी, बिल ऑफ लेडिंग, विमा, सह्या मात्र तारेने येत नाहीत. त्यासाठी अजून बोट लागे.

त्या बोटी पी अँड ओ कंपनीच्या. १८४० मध्ये सनद मिळालेल्या या कंपनीने मुंबई-सुएझचा मार्ग १८५० च्या दशकाच्या मध्यात कंपनी सरकारच्या नौदलाकडून आपल्याकडे घेतला आणि १८६८ पासून मुंबईचे टपाल दर आठवड्याला धावू लागले. १८७० मध्ये जबलपूरला मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे जुळली, आणि मग मद्रास-कलकत्त्याचे टपालही मुंबईतच उतरू लागले. ब्रिटिश सरकार कंपनीला दरसाल भले मोठे अनुदान देई. बदल्यात करारात बोटीने कुठून कधी निघायचे, कधी पोचायचे आणि उशीर झाला तर किती दंड, हे सगळे बांधलेले.

या करारांतली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा खुला झाला. टपालखात्याने तरीही आग्रह धरला की पत्रांच्या थैल्या अलेक्झांड्रियाला उतरवा, इजिप्तच्या रेल्वेने सुएझला न्या आणि तिथे पुन्हा बोटीत चढवा. कारण करार तसा होता, आणि कालव्यावर खात्याचा विश्वास नव्हता. बोट कालव्यातून जायची, त्या बोटीतली पत्रे रेल्वेने जायची, आणि दोघांची सुएझला पुन्हा भेट! हा खेळ १८८८ च्या करारापर्यंत चालला. करार झाला की समुद्राचा नकाशा बदलला तरी कारकुनाचा बदलत नाही.

मुंबईला येणाऱ्या थैल्या वाटेतच निवडल्या जाव्यात म्हणून १८६८ मध्ये बोटीवरच टपाल कचेरी सुरू झाली, सी पोस्ट ऑफिस. तिचे कारकून आधी सुएझपर्यंत आणि पुढे एडनपर्यंत बोटीने जात, आणि परतीच्या चार-पाच दिवसांत इंग्लंडहून आलेली हजारो पत्रे गावागणिक, रेल्वेगणिक वेगळी करत. बोट बंदरात लागली की पिशव्या थेट गाडीत. पावसाळ्यात अरबी समुद्र कसा उसळतो हे कोकणी माणसाला सांगायला नको. त्या डुलत्या खोलीत, उकाड्यात, मळमळ सांभाळत, भराभर पत्ते वाचायचे आणि खणांत टाकायचे. पहिल्या महायुद्धात ही कचेरी बंद पडली ती पडलीच.

समुद्रापारच्या पत्राला एकच जागतिक नियम मिळाला तो ९ ऑक्टोबर १८७४ च्या बर्न करारातून. त्याआधी प्रत्येक दोन देशांत वेगळा करार असे, आणि पत्राच्या दरात प्रत्येक मधल्या देशाचा, प्रत्येक बोटीचा हिस्सा मोजला जाई. बर्नने सांगितले की करारातल्या सगळ्या देशांचा मिळून टपालापुरता एक मुलूख; ज्याने तिकीट विकले त्याने पैसे ठेवावेत; आणि कोणीही दुसऱ्याचे टपाल आपल्या मुलखातून अडवू नये. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी या संघात आला, ब्रिटनपासून स्वतंत्र सभासद म्हणून, स्वराज्य नसताना. पण समुद्र या बंधुत्वात पुरता सामावला नाही. जमिनीवरचे दर सारखे करता आले; लांबच्या समुद्रप्रवासाला बर्नच्या करारातही जादा आकार ठेवण्याची मुभा द्यावी लागली, आणि जहाजाने नेण्याचे पैसे थैलीच्या वजनावर मोजावेच लागले. ज्यांच्याकडे बोटी होत्या त्यांनी बंधुत्वाच्या करारातही बोटीचे भाडे सोडले नाही. ब्रिटनकडे सर्वांत जास्त बोटी होत्या, हे लक्षात ठेवावे.

दर मात्र उतरत गेला. १८९१ मध्ये हिंदुस्थानातून विलायतेला पत्र अडीच आण्यांत जाऊ लागले. २५ डिसेंबर १८९८ पासून एका आण्यात. त्या वेळी मुंबईहून आंबेगाव-जुन्नरकडच्या गावी बंद पत्राला अर्धा आणा पडे. म्हणजे भोरघाटाची रेल्वे आणि पुढचा पायी हरकारा यांना अर्धा आणा, आणि एडन, सुएझ, युरोप ओलांडून लंडनला जायला फक्त त्याच्या दुप्पट. या स्वस्ताईची किंमत अनुदानातून भरली जात होती. अनुदान कुणाच्या करातून आले याची चर्चा दादाभाई नौरोजींच्या पिढीने पुष्कळ केली, आणि ते योग्यच होते. घाटावरच्या माणसाने विलायतेला पत्र लिहिण्याचे कारण क्वचितच येई. त्याच्या वाट्याचे टपाल म्हणजे १८७९ मध्ये सुरू झालेले पाव आण्याचे कार्ड आणि १८८० मध्ये सुरू झालेली मनिऑर्डर. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतली माणसे मुंबईत गिरण्यांत, गोद्यांत, डब्यांच्या धंद्यात गेली आणि गावची चूल, लग्न, सावकार या सगळ्यांची गाठ मनिऑर्डरीने बांधली गेली. पोस्टमन गावात शिरला की आधी विचारणा पैशाची आणि मग खुशालीची.

टपालाचे कायदे एका बाजूने पत्राला राजेशाही संरक्षण देत होते. १९०३ च्या पॅरिसच्या आरोग्य कराराने साथीच्या बंदरातून आलेली पत्रे, वर्तमानपत्रे आणि छापील कागद निर्जंतुक करण्याच्या जाचातून पूर्ण मोकळे केले. प्लेगच्या मुंबईतून निघालेल्या डेकवरच्या प्रवाशाला डॉक्टर उलटापालटा करून तपासत, त्याचे कपडे वाफेवर धरत. त्याच बोटीतली पत्रे सरळ पुढे जात. १९०७ मध्ये हेगला झालेल्या अकराव्या कराराने आणखी पुढे जाऊन म्हटले की युद्धातसुद्धा, भर समुद्रात, शत्रूच्या जहाजावर सापडलेला पत्रव्यवहार अभंग आहे. जहाज पकडले तरी पत्रे विनाविलंब पुढे पाठवली पाहिजेत. सही करणाऱ्यांत ब्रिटन होते. आठ-नऊ वर्षांत त्याच ब्रिटनने तटस्थ देशांच्या जहाजांवरून पिशव्या उतरवून फोडायला सुरुवात केली आणि १९१६ मध्ये अमेरिकेने त्यावर निषेधाचे खलिते पाठवले. जर्मनांनी तर प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. ३० डिसेंबर १९१५ रोजी पी अँड ओची 'पर्शिया' ही मुंबईकडे येणारी टपाल बोट क्रीटजवळ इशाऱ्याशिवाय टॉर्पेडोने बुडवली गेली. तीनशेहून अधिक माणसे बुडाली, पत्रांची गणती कोण ठेवतो.

हेगचाच आणखी एक प्रसंग मराठी वाचकाला टपालाच्या बाजूने क्वचितच सांगितला जातो. १९१० च्या जुलैमध्ये विनायक दामोदर सावरकरांना लंडनहून हिंदुस्थानात आणले ते पी अँड ओच्या 'मोरिया' बोटीतून. ८ जुलैला मार्सेयला त्यांनी खिडकीतून उडी घेतली, फ्रान्सच्या धक्क्यावर पकडले गेले, आणि पुन्हा बोटीवर आणले गेले. 'मोरिया' ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर चालणारी बोट. मुंबईसाठी एडनला बोट बदलावी लागे. एडन-मुंबईचे टपाल झपाट्याने नेण्यासाठी पी अँड ओने १९०८ मध्ये 'साल्सेट' नावाची चपळ बोट खास बांधली होती. मराठी आठवणींत ती 'साष्टी' म्हणून येते. विलायतेची पत्रे जशी एडनला 'मोरिया'तून 'साष्टी'त जात, तसे सावरकरही गेले, आणि २२ जुलैला मुंबईत उतरले. फ्रान्सच्या भूमीवरून उचललेला माणूस परत द्यावा की नाही हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: पकडताना गैर झाले असेल, परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. पत्राच्या अभंगतेसाठी चार वर्षांपूर्वी ज्या शहरात सह्या झाल्या होत्या तेच हे शहर. मला तरी या दोन कागदांतला फरक सहज विसरता येत नाही.

पण अभंगतेचे दार एका बाजूलाच उघडत होते, हे सावरकरांच्या बाबतीत आधीच दिसले होते. त्यांचे १८५७ वरचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध होण्याआधीच हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. हत्यार होते १८७८ च्या सागरी जकात कायद्याचे एकोणिसावे कलम: सरकारने अधिसूचना काढावी आणि अमुक माल समुद्रमार्गे येऊ नये असे म्हणावे. कलम लिहिताना अफू, शस्त्रे, खोटे शिक्के असला माल डोळ्यांपुढे असेल. श्यामजी कृष्णवर्मांचे 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' १९०७ मध्ये त्याच कलमात सापडले. जोडीला १८९८ च्या टपाल कायद्याचे सव्विसावे कलम: सार्वजनिक आणीबाणी असेल तर टपाल अडवावे, उघडावे. एका प्रकरणात कप्तानाला पत्र उशिरा दिल्याबद्दल दंड, दुसऱ्या कलमात सरकारला तेच पत्र न देण्याची मुभा. मादाम कामांचे 'बंदे मातरम्' यातून वाट काढून पाँडिचेरीच्या फ्रेंच टपालातून येत राहिले. बर्नच्या कराराने फ्रेंच टपाल अडवायला इंग्रजांना एवढे सोपे ठेवले नव्हते.

तर १९३० ची मुंबई. बॅलार्ड पिअरला बोट लागे, समोरच रेल्वेचे फलाट. विलायतेची डाक उतरली की खास गाडी तिथूनच सुटे, कलकत्त्याची इंपीरियल इंडियन मेल, आणि हंगामात पेशावरची फ्रंटियर मेल. बोरीबंदरजवळ विजापूरच्या गोलघुमटावरून प्रेरणा घेतलेल्या मोठ्या टपाल कचेरीत, जॉन बेगने आखलेल्या आणि १९१३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या घुमटाखाली, शनिवारच्या बोटीची पत्रे घेण्याची वेळ टळली तरी जादा फी भरून पत्र टाकता येई. मूळजी जेठा मार्केटातल्या पेढ्यांना ही फी चांगली ठाऊक होती. या वर्षी ती कमी लागली असणार, कारण विलायती कापडाच्या मागणीची पाकिटेच आटली होती. मीठ सत्याग्रहानंतर मुंबईत परदेशी कापडावर पिकेटिंग जोरात होते, व्यापाऱ्यांच्या संघटनेने नवी मागणी न नोंदवण्याचे ठरवले होते आणि गोदामांत पूर्वी मागवलेला माल पडून होता. बँकेत हुंड्या थकत होत्या. माल सोडवून घेणाऱ्याला बहिष्काराचा जाच, न सोडवणाऱ्याला कराराचा. कायद्याच्या बाजूने पाहिले तर सारे कागद बिनचूक होते: बिल ऑफ लेडिंगवर शेरा, जकातीची पावती, विम्याचा कागद, सारे आठवड्याच्या डाकेने वेळेवर आलेले. त्या बिनचूक कागदांचा माल पोलिसांच्या पहाऱ्यात रस्त्यावरून न्यावा लागत होता.

त्या रस्त्यावर महाळुंगे पडवळचा बाबू गेनू होता. घाटावरून आलेल्या हजारो माणसांसारखा, गिरणीत राबणारा. देशी चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने चाक हाती घेतले, असे सांगितले जाते. त्याच दिवशी गोकुळदास तेजपाल रुग्णालयात बाबू गेनूचा अंत झाला. आज काळबादेवीत त्याच्या नावाचा रस्ता आहे, पुण्यात मंडईजवळ चौक आहे, गावी स्मारक आहे. १९३१ पर्यंत मुंबईत उतरणारे ब्रिटिश कापड खूपच घटले. त्यात जागतिक मंदीचा वाटा होता, देशी गिरण्यांचा होता, जपानी मालाचा होता, पिकेटिंगचाही होता. एकाच कारणावर सगळे श्रेय टाकणारा इतिहास मला नेहमी संशयास्पद वाटतो.

टपालाच्या बोटीचा दिमाखही याच सुमारास उतरू लागला. ३० मार्च १९२९ रोजी लंडनहून कराचीचे पहिले नियमित विमान टपाल निघाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पत्रांची थैली घेऊन जुहूच्या चिखलावर उतरले. १९३८ च्या सुरुवातीला साम्राज्याच्या विमान टपाल योजनेत हिंदुस्थान आला, पत्र जादा आकाराशिवाय आकाशातून जाऊ लागले, आणि बोटीवर उरली पार्सले, मासिके, पुस्तके. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. शुक्रवारच्या डाकेची वाट पाहणे मुंबईच्या सवयीतून गेले.

कायदा मात्र पुस्तकात राहिला. कप्तानाला थैली घ्यायला लावणारे चाळिसावे कलम, हजार रुपयांचा दंड, मेल जहाजाची व्याख्या, हे सगळे विमाने, फॅक्स, ईमेल यांच्या काळातही लागू होते. संसदेने २०२३ मध्ये नवा टपाल कायदा केला आणि १८ जून २०२४ रोजी तो अमलात आला तेव्हा १८९८ चा कायदा रद्द झाला, पत्रे नेण्याचा सरकारचा एकाधिकार संपला आणि जहाजांचे आठवे प्रकरणही गेले. टपाल अडवून उघडण्याचा अधिकार नव्या कायद्यात नवव्या कलमात आहे.